कापडाचा पुरावा

अण्णा, काल मी एका माणसाला भर उन्हात, चारचौघांत, त्याच्याच शिबिरात झाडलं आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही. आज रविवार. त्या माणसाच्या मेलला उत्तर लिहायचं म्हणून सकाळी लॅपटॉप उघडला, पण बोटं जर्मनकडे वळेनात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्हाला मेल म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. तरी तुम्हालाच लिहायला बसलेय, कारण त्या माणसाशी माझं भांडून झालंय, तुमच्याशी राहिलंय.

मी वोल्फ्सबुर्गला असते. गाड्यांचं गाव आहे. इथल्या कारखान्यात मी सीटच्या कापडाची तपासणी करते, म्हणजे कापड किती घासलं की झिजतं, घामाने रंग जातो का, ते मशीनवर बघते. तुम्ही दोन बोटांत कापड धरून सांगायचात तेच सांगायला आम्हाला तीन दिवस आणि एक रिपोर्ट लागतो. रविवारी या गावात इतकी शांतता असते की शेजाऱ्याने खुर्ची सरकवली तरी कळतं. इथे एक मंडळ आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच व्यापारी होड्या घेऊन कॅनडाच्या जंगलात शिरायचे, तिथल्या मूळच्या लोकांना कापड, सुया, भांडी, घोंगड्या द्यायचे आणि बदल्यात बीव्हर नावाच्या जनावराची कातडी न्यायचे, कारण युरोपात त्याच्या लोकरीच्या टोप्या घालायची हौस होती. तो काळ इथली वीसेक माणसं महिन्यातले दोन शनिवार तळ्याकाठी जगतात. तसेच कपडे, तसलेच तंबू, तशीच चूल. तुम्ही म्हणाल, जर्मन माणसांचा फ्रेंचांशी आणि कॅनडाशी काय संबंध? काहीही नाही. आपल्या पेठेतल्या गणपती मंडळाचा जिवंत देखावा असायचा ना, तसलाच प्रकार, फक्त गणपती नाही आणि पडदा पडत नाही.

मी त्यात शिरले ती होडीमुळे. तीन वर्षांपूर्वी तळ्यावर फिरायला गेले होते, तर आठ माणसं एका लांब होडीत बसून गाणं म्हणत वल्ही मारत येत होती. आठही वल्ही एकदम पाण्यात, एकदम वर. काठावर आल्यावर एका बाईने मला विचारलं, बसतेस का? कुठून आलीस नाही, जर्मन किती येतं नाही. बसतेस का. मी बसले. अण्णा, सांगलीत जन्म काढून मला कृष्णेत पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या होडीत मला भीती वाटली नाही. त्या बाई मंडळाच्या स्वयंपाकीण. वाटाण्याच्या आमटीत त्या काळी डुकराची चरबी घालायचे, तर त्या माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून चरबी घालण्याआधी एक छोटं भांडं बाजूला काढत आल्या, न सांगता. हे सगळं मुद्दाम लिहितेय. माणसं वाईट असती तर मला इतका राग आला नसता, मी घरी आले असते आणि विसरले असते.

या मंडळात एक शब्द उठता-बसता ऐकू येतो, ‘बेलेग’. बेलेग म्हणजे पुरावा. बटण शिंगाचं लावलंस, बेलेग आहे का? टोपी लाल का, बेलेग दाखव. जुनं चित्र, जुनी यादी, वस्तुसंग्रहालयातला नमुना, काहीतरी हवंच. मशीनची शिवण दिसली तर सदरा उसवायला लावतात. मला ते आवडायचं. कापडाच्या दुकानात तुमच्यासमोर मी एकदा एका ताग्याला ‘कसलं गावठी चीट’ म्हणाले होते, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला फटकारलं होतंत, “हात लावल्याबिगर कापडाला नाव ठेवायचं न्हाई.” मला तेव्हा लाज वाटली होती, पण त्या शिस्तीत वाढल्यामुळे बेलेग मागणारी माणसं मला आपली वाटली. दोन वर्षं मी नवशिकी होते. साधा सदरा घालून वल्ही मारली, हाताने शिवायला शिकले, फ्रेंच गाण्यांचे शब्द न समजता पाठ केले. यंदा मला पूर्ण सभासद केलं आणि जूनच्या मोठ्या शिबिरासाठी, जे बघायला गावातले लोक येतात, भूमिका वाटल्या.

अध्यक्षमहाशय निवृत्त कर सल्लागार आहेत. ते फ्रेंच व्यापारी होतात. ते माझ्याकडे बघून प्रेमाने हसले आणि म्हणाले, “आल्झो, तर मग, तुझं तर सोपं आहे. तू व्यापाऱ्याची बायको. इंडियानरिन. तंबूपाशी बसायचं, कातडं खरवडायचं. बोलायची गरज नाही. आणि तुला तर मेकअपसुद्धा नको!”

इथे भारतीय माणसाला ‘इंडर’ म्हणतात आणि आपण ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो त्यांना ‘इंडियानर’; बाई असली की ‘इंडरिन’ आणि ‘इंडियानरिन’. या देशात आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाने पहिल्या वर्षी ही चूक केलेली असते. मीही केली होती. पहिल्या महिन्यात कँटीनमध्ये उभी राहून छाती काढून सांगितलं, “इश बिन इंडियानरिन,” म्हणजे मी रेड इंडियन बाई आहे. सगळं टेबल हसलं, मीही हसले, कुणीतरी डोक्यामागे दोन बोटांचं पीस करून दाखवलं. ती माझी चूक होती. पंधरा वर्षांनी तीच चूक यांनी माझ्याकडून शिबिरभर करून घ्यायची ठरवली आणि तिला इतिहास म्हटलं. कुणी एक खलाशी रस्ता चुकला म्हणून आपलं नाव त्या बिचाऱ्यांना चिकटलं. आता त्यांचं सोंग मला चिकटवायचं. आणि ज्यांचं जंगल, ज्यांचा तो व्यापार, त्यांच्यातलं एकही माणूस या तळ्यावर नाही, त्यांना कुणी विचारलेलंही नाही. त्यांच्या जागी मी तोंड शिवून बसायचं, कारण रंग जुळतो. मी म्हटलं, मला वल्हं मारायचंय. ते म्हणाले, “सरावाला ठीक आहे, शिबिरात नाही. बायका वल्ही मारत असल्याचा बेलेग नाही.” होडी फायबरची आहे अण्णा, वरून झाडाच्या सालीसारखी रंगवलेली. अध्यक्षांचा गुडघा नवा बसवलेला आहे. पुढच्या वल्ह्यावरचा माणूस दातांचा डॉक्टर आहे. त्यांचा बेलेग कुणी मागत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि तेव्हा मला तुमचा राग आला. त्यांचा नंतर आला, आधी तुमचा. मी बारा वर्षांची आहे. चौकात मांडव आहे, विजापूरच्या दरबाराचा देखावा आहे, संध्याकाळची गर्दी आहे. सुलतान तख्तावर, वजीर म्हणजे बँकेतले ते गोरे क्लार्क, भरजरी अंगरखा, टोपीला मोत्यांची माळ. आणि मागे उघड्या अंगाने, हातात मशाल धरून उभा असलेला हबशी पहारेकरी म्हणजे तुम्ही. सहा फुटांचे, काळेभोर, अर्धा तास न हलता. दर अर्ध्या तासाने पुन्हा तेच, दहाही दिवस, आणि असं दरवर्षी. मंडळाचे सेक्रेटरी कौतुकाने सांगतात, “ह्यांना काळं फासायची बी गरज न्हाई!” आणि लोक हसतात आणि तुम्हीही हसता. दिवसभर दुकानात उभं राहून तागे उलगडायचे आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं. मी घरी येऊन तुमच्यावर ओरडले होते, तुम्ही नाही का म्हणत नाही? तुम्ही अंगाचं तेल पुसत म्हणालात, “मशाल धरायला बी माणूस लागतंयच की.” एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही जेवायला बसलात. मी त्या दिवशी ठरवलं की आपण असं व्हायचं नाही, आणि खरं सांगते, मी घर सोडलं, इंजिनिअर झाले, देश सोडला, त्या सगळ्यात त्या मशालीचा हात आहे.

म्हणून मी यांना बेलेग द्यायचं ठरवलं. दोन महिने शनिवारी ग्रंथालयात बसले. आणि सापडलं. त्या फ्रेंच व्यापाऱ्यांच्या मालाच्या जुन्या याद्यांमध्ये घोंगड्या, सुया, मणी यांच्या ओळीत एक कापड येतं, त्याचं फ्रेंच नावच ‘आंदियेन’. म्हणजे हिंदुस्थानी. छापील सुती कापड, आपलं चीट! आपल्याकडच्या रंगाऱ्यांनी छापलेलं, जहाजातून फ्रान्सला, तिथून कॅनडाच्या जंगलात. पुढे फ्रान्समध्ये त्याच्या नकला होऊ लागल्या, तरी नाव तेच राहिलं. मी वाचनालयात बसल्या जागी हसले. तुम्हाला फोन करावासा वाटला. तुमच्या ताग्यातलं कापड या लोकांच्या होडीत आधीच बसलेलं होतं, माझ्या कितीतरी आधी. मी मंडळाच्या सभेत प्रती वाटल्या आणि म्हटलं, मी इंडियानरिन होणार नाही. मी इंडरिन आहे आणि या व्यापारात माझ्या देशाचं कापड होतं. मला कापडाची विक्रेती करा. दरही माहीत आहेत, पोतही माहीत आहे, आणि ताग्यातून कापड कसं उलगडायचं हे तुमच्यातल्या कुणापेक्षाही मला बरं येतं.

अध्यक्षमहाशयांनी कागद नीट वाचले. तो माणूस कागद नीट वाचतो, तेवढं मान्य करायला हवं. मग चष्मा काढून म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर. उत्तम काम केलंस. पण बघ, हा बेलेग कापडाचा आहे. त्या कापडाबरोबर तिकडून माणूस आल्याचा बेलेग नाही.”  मग ते पुढे म्हणाले, “पण हे कापड तू आम्हाला तिकडून मागवून देशील का? सगळ्यांना दोन-दोन मीटर?” आणि सगळे हसले, मोकळेपणाने, जसं काही सगळं मिटलंच. स्वयंपाकीणबाई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. मग मतदान झालं. यांच्याकडे आमटीत मीठ किती यावरही मतदान होतं. सात हात माझ्या बाजूने, अकरा विरुद्ध, आणि ते सगळं रीतसर टिपून ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापड चालतं. मसाला चालतो, योगा चालतो, कारखान्यात माझा रिपोर्ट चालतो. माणूस आलं की पुरावा!

काल शिबिर होतं. मी गेले. तुम्ही मला इंजिनिअरिंगला जाताना अडीच मीटर चीट दिलं होतंत, गेरूच्या रंगाचं, बारीक बुट्ट्यांचं. ‘ड्रेस शिव’ म्हणाला होतात. मला ते जुनाट वाटलं होतं म्हणून शिवलं नव्हतं, पण टाकलंही नव्हतं. त्याचं मी त्या काळच्या बेताचं आखूड जाकीट शिवलं, सगळं हाताने, एक टाका मशीनचा नाही. लेकीने मला आरशासमोर बघितलं. चौदा वर्षांची आहे, मी मराठीत बोलते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. ती म्हणाली, ते तुला नको म्हणतायत तर जातेस कशाला? मी म्हटलं, होडीसाठी. तिला ते पटलं नाही. मला तरी कुठे नीट सांगता आलं.

मी कुठल्याही तंबूपाशी बसले नाही. व्यापाऱ्याच्या दुकानापाशी, कापडाच्या गठ्ठ्याजवळ उभी राहिले. दहा मिनिटांत एक आजोबा नातीला घेऊन आले, माझ्याकडे बघून खूश झाले आणि आदराने विचारलं, “तुम्ही कुठल्या जमातीच्या?”

“सांगलीच्या,” मी म्हटलं.

“आह, सांगली!” त्यांनी मान डोलावली. नातीला समजावलं, “या सांगली आहेत.” मग मला विचारलं, “मैदानी प्रदेशातले ना तुम्ही?”

“हो. नदीकाठचे.”

हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मी आजोबांना खरं सांगायला सुरुवात केली, हे जाकीट, हे कापड, हे कुठून आलं ते. चार माणसं थांबली, मग दहा. तेवढ्यात अध्यक्षमहाशय आपल्या जरीच्या वास्कटात लगबगीने आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बिट्टे, कृपा कर, तुझी जागा तंबूपाशी आहे. इथे तुझी भूमिका नाही.” तेव्हा माझा तोल गेला. मी हळू बोलले नाही. मी म्हटलं, हे गृहस्थ शेजारच्या गावचे कर सल्लागार आहेत. यांचे आजोबा बटाटे पिकवायचे. यांना फ्रेंचचे चार शब्द येतात, त्यातले दोन वाइनची नावं आहेत. यांचा त्या जंगलाशी, या कातड्याशी, या व्यापाराशी काडीचा संबंध असल्याचा बेलेग कुणी पाहिलाय का? माझं कापड तरी त्या होडीत होतं. यांचं काय होतं? लोक हसले. या वेळी त्यांना हसले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, अण्णा, अगदी म्हातारा झाला. ते तंबूत गेले. मी जाकीट घातलेल्या अंगानेच गाडीत बसले आणि घरी आले. येताना होडी पाण्यात निघाली होती. आठही वल्ही एकदम.

सकाळी त्यांचा मेल आला. मंडळाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं वर्तन, पुढच्या सभेत सुनावणी, तोवर होडीला हात लावू नये. मला माहीत आहे काय होणार ते. अकरा हात पुन्हा वर जातील, कदाचित आता पंधरा. होडी गेली. मला तिचं वाईट वाटतंय. पण मी गेले हे बरोबर केलं, बोलले हेही बरोबर केलं, आणि सुनावणीला जाऊन आणखी बोलणार आहे.

हे सगळं मी दुपारी आईला फोनवर सांगितलं. आई थकलीय, पण कान शाबूत आहेत. बढाई मारत सांगितलं, तुमच्यावर घसरत सांगितलं. म्हटलं, मी अण्णांसारखी मशाल धरून उभी राहणारी नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ह्यांनी मागितलं हुतं की गं.”

“काय मागितलं होतं?”

“वजिराचं काम. तुझ्या जन्माच्या आधीपासनं मागत हुते. मंडळाच्या मीटिंगीत उभं राहून मागितलं. सगळं पाठ हुतं त्यांना. तो बँकेतला अडखळला की हेच मागनं सांगायचे. पोरं हसली मीटिंगीत. म्हणाली, अण्णा, वजीर असा असतोय व्हय? दोन-तीन वर्षं मागितलं, मग सोडलं. तुला सांगू नगं म्हणाले. लेकीला कशाला, म्हणाले.”

अण्णा, मी तुमच्याशी भांडायला बसले होते ते असं. तुम्ही मागितलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात, माझ्याआधी, सांगलीत, पेठेतल्या माणसांसमोर, ज्यांच्याशी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात बोलायचं होतं. मला तर फक्त एक मेल येतो. आणि तुम्ही मला ते सांगितलं नाहीत याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतोय. मला वाटू दिलंत की तुम्हाला काही वाटतच नाही. तीस-पस्तीस वर्षं मी एका गप्प बसणाऱ्या माणसाची मुलगी म्हणून चिडत राहिले.

या मेलमध्ये पत्ता लिहायच्या जागी काहीच नाही. मी तिथे काही लिहिणारही नाही. अध्यक्षांचं उत्तर वेगळं लिहीन, जर्मनमध्ये, सभ्य भाषेत, पुराव्यांसह. हे इथेच राहील. एक गोष्ट मात्र राहिलीय, ती आईलाही कळलेली नाही. आईने वजीर म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही आलात, त्या भरजरी अंगरख्यात, मोत्यांच्या माळेच्या टोपीत, तुमचा तो काळा चेहरा, आणि काही कळायच्या आत मला हसू फुटलं. तिकडून आई म्हणाली, “तू बी हसतीस व्हय गं?” मी म्हटलं, नाही, खोकला आला.

खोकला नव्हता, अण्णा.